डाव्या दंडांची मोजदाद

आमचे साहेब कुठल्याही सरकारी दवाखान्यात तपासणीला गेले की आधी स्वतःचं वजन करायचे. चपला काढून, किल्ल्यांची जुडी माझ्या हातात देऊन ते काट्यावर ताठ उभे राहायचे आणि आकडा एका छोट्या वहीत लिहायचे. एकदा सोमवारी एका आरोग्य केंद्रात ते छप्पन्न किलो भरले आणि मंगळवारी दुसऱ्या केंद्रात साठ. तिथल्या डॉक्टरांना त्यांनी गंभीरपणे विचारलं, "काल मी बाजरीची दीड भाकरी खाल्ली. त्यातून चार किलो कुठून आले?"

डॉक्टर हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बाळांना कुठल्या काट्यावर घालता? तो दाखवा."

तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी फोनवर विचारलंत, "आजी, ऑडिट म्हणजे बेरजा तपासणं ना?" मी हो म्हटलं, कारण तुम्हाला पोहायला जायचं होतं आणि तुमची आई मागून हाका मारत होती. पण ते उत्तर अपुरं होतं, म्हणून हे सावकाश बसून लिहिते आहे.

सरकार दवाखान्यांवर खर्च करतं. तो नियमाप्रमाणे झाला का, हे पाहणं आमचं अर्धं काम. त्या खर्चातून जे व्हायला हवं होतं ते खरंच झालं का, हे पाहणं उरलेलं अर्धं. बहुतेक जण पहिल्या अर्ध्यावर थांबतात, कारण ते खुर्चीवर बसून होतं. साहेबांना खुर्ची चावायची. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे आमच्याकडे होते. पथकात आम्ही तिघं: साहेब, त्यांच्या हाताखाली मी, आणि जीप चालवणारे एक माजी सैनिक, ज्यांना सगळे फौजी म्हणत. साहेबांचं नाव मी लिहीत नाही. खात्यात त्यांना पाठीमागे "दाखवा साहेब" म्हणायचे, तेवढं पुरे. कुणी सांगितलं की रुग्णवाहिका चालू आहे, दाखवा. जनरेटर आहे, दाखवा. पाणी येतं, दाखवा; आणि नळाखाली हात धरून उभे.

त्यांची दुसरी सवय रांगेची. आटपाडीच्या बाजूला एका दवाखान्यात आम्ही दहा वाजता येणार असं कळवलेलं होतं. मी आणि फौजी वेळेवर पोचलो. डॉक्टर हार घेऊन पोर्चमध्ये उभे. साहेबांचा पत्ता नाही. ते साडेआठलाच एसटीनं येऊन, खोकल्याचा केसपेपर काढून बाकावर बसले होते. शेजारच्या म्हातारीनं त्यांना कामालाही लावलं होतं. "आवं, डाक्टर कुनाची तरी वाट बगत भाईर हुबा हाय. तवर माझी पिशवी बगा, मी पानी पिऊन येते." साहेब पिशवी मांडीवर घेऊन बसले. शेवटी डॉक्टर कंटाळून आत आले, मान वर न करता त्यांनी साहेबांना तपासलं आणि खोकल्याचं औषध संपलंय म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. मग साहेबांनी ओळखपत्र काढलं. डॉक्टरांचा चेहरा मला अजून आठवतो.

त्या गोळ्या साहेबांनी पाच दिवस नेमानं घेतल्या. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला तर काहीच झालं नव्हतं."

"पण गोळ्या खर्ची पडल्यात ना, बाई."

मला ते बाई म्हणायचे. तपासणीच्या ठिकाणचा चहा ते कधी घेत नसत. बरोबर थर्मास असायचा आणि भाजलेल्या शेंगांची पुडी. टरफलं स्वतःच्याच पाकिटात भरून परत न्यायचे. पण आपल्याकडे चहा नको म्हटलं की माणसं दुखावतात. म्हणून ते पोट बिघडल्याचं कारण सांगायचे. दवाखान्यात हे कारण सांगण्यातला धोका त्यांच्या कधी लक्षात आला नाही. एका उपकेंद्रात नर्सबाईंनी त्यांना बळेबळे मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि वर दरडावलं, "ह्या वयात अंगावर काडायचं न्हाई, काका." साहेबांनी मुकाट्यानं पेला रिकामा केला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "लिहा. जलशुष्कतेवरचे उपचार तत्पर."

मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. माझे मसुदे आखीव असायचे, समास सरळ, क्रमांक नीट. साहेब त्यात एकच खोड काढायचे. "लाभार्थी" हा शब्द दिसला की त्याला पेन्सिलीनं गोल करून समोर ठेवायचे. "ह्यांना कुणी बघितलंय का, बाई?" सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. लाभार्थी हा खात्याचाच शब्द आहे, मी काय घरून आणला होता?

आता मुख्य गोष्ट सांगते. तिला दहा-बारा वर्षं झाली असतील.

माण तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका उपकेंद्राची नोंदवही तपासताना मला एक फरक सापडला. बाळांना क्षयरोगाविरुद्ध देतात त्या बीसीजी लसीच्या एकोणीस कुप्या उपकेंद्राला दिलेल्या होत्या, पण त्या कुणाला टोचल्या याची नोंद कुठेच नव्हती. एका कुपीत दहा बाळांची लस असते. म्हणजे कागदावर एकशे नव्वद बाळांची लस गायब. तुमची आजी त्या दिवशी स्वतःवर खूश होती, हे कबूल करते.

उपकेंद्राची आरोग्य सेविका कंत्राटी होती. बत्तिशीची असेल, सावळी, चपळ. तिची नेमणूक अकरा महिन्यांची, दर वर्षी नव्यानं व्हायची. मार्चअखेर ती संपणार होती. तिच्या वरच्या डॉक्टरांनी आमच्यासमोरच निकाल देऊन टाकला. "लस बाहेर विकली असणार, साहेब. तुम्ही आक्षेप लिहा, मी नूतनीकरण थांबवतो. प्रश्न मिटला."

सेविका दाराशी उभी राहून ऐकत होती. तिच्या घरात तो एकच पगार होता. नवऱ्याचं मुंबईतलं काम सुटून तो गावी परतला होता.

साहेबांनी तिला बसायला सांगितलं. "कुप्या कुठं गेल्या?"

"टोचल्या, साहेब."

"कुणाला?"

"माज्याच गावच्या पोरांना."

"मग नोंद?"

तिनं पिशवीतून शाळेची शंभर पानी वही काढली. मी ती वही आजही ओळखेन. त्यात नावं अशी होती: पांढऱ्या घोड्याचा तळ, दोन पोरं. लंगड्या कुत्र्याचा तळ, तीन. काळ्या छत्रीवाले आबा, एक, मुलगी. अशी एकूण अडतीस.

उलगडा हळूहळू झाला. तिच्या हद्दीतली निम्मी घरं मेंढपाळांची. दिवाळी झाली की ती मेंढरं, घोडी, कोंबड्या आणि लेकरं घेऊन निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. मधले महिने सांगलीकडच्या काळ्या रानात, मोकळ्या झालेल्या उसाच्या शेतात मेंढरं बसवतात. रानाला खत मिळतं, यांना धान्य. त्या वाटचालीत बाळं जन्मतात. ही बाई शनिवारी केंद्रातून कुप्या घेऊन रविवारी नवऱ्याच्या मोटरसायकलवर, मांडीवर लसीचा बर्फाचा डबा धरून, त्यांच्या मागावर जायची. तळावर बाळं सापडायची एक, दोन, फार तर तीन. पण कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते, नाहीतर टाकून द्यायची. म्हणून एकोणीस कुप्यांत अडतीसच बाळं.

"हे सरकारी रजिस्टरात का लिहिलं नाही?" मी विचारलं.

"मॅडम, रजिस्टरला गावाचा रकाना हाय. ती रोज दुसऱ्याच्या रानात. काय लिवू, कुनाचा बांध? आन मी जिल्हा सोडून गेले, असं माज्याच हातानं लिवून देऊ व्हय?" मग ती साहेबांकडे वळली. "गावात असली की ती माजी पोरं. सांगलीला गेली की कुनाचीच न्हाईत."

डॉक्टर म्हणाले, "वही काय, कालही लिहिता येते."

ते खरंच होतं. पुरावा म्हणून त्या वहीला काही किंमत नव्हती. साहेबांनी ती उलटसुलट पाहिली, आणि मला माहीत असलेला तो शब्द अपेक्षेप्रमाणे आला. "दाखवा."

"काय दावू, साहेब?"

"पोरं."

बीसीजीची सुई डाव्या दंडात देतात. काही आठवड्यांनी तिथं मसुराच्या डाळीएवढा व्रण उमटतो आणि जन्मभर राहतो. आरशात बघा, तुमच्याही दंडावर असेल. दोघांनाही मीच नेलं होतं. साहेबांच्या मते लस दिल्याची याहून चांगली पावती कुठल्याच कार्यालयात मिळाली नसती. सेविकेला बरोबर घ्यायचं नाही, म्हणजे कुणी तिच्या दबावाखाली बोललं असं म्हणता येणार नाही, एवढं त्यांनी ठरवलं. आणि आम्ही मेंढरं शोधत निघालो.

ऊसतोड भरात होती. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या रांगा, आणि त्यांच्यामधून आमची जीप. मेंढरांचा माग काढायचं काम फौजींकडे होतं. ते प्रत्येक उसाच्या रानाशी गाडी थांबवायचे. एका बांधावर त्यांना त्यांच्याच पलटणीतला निवृत्त सुभेदार भेटला, आता बागायतदार झालेला. तो म्हणाला, "मेंढरं परवा माझ्यात बसली हुती. लय झ्याक खत पडलं. काल खालतीकडं गेली. तुमास्नी कशाला पायजे, बकरा घ्यायचाय का?"

"नहीं यार," फौजी म्हणाले, "साहेबाला त्यातली पोरं मोजायचीत."

सुभेदारानं साहेबांकडे एकदा बघितलं आणि फौजींच्या खांद्यावर सहानुभूतीनं हात ठेवला.

पहिला तळ सापडला तो दुपारी. मेंढरांभोवती जाळी, एका बाजूला तीन दगडांची चूल, आणि झाडाखाली खरोखरच एक पांढरं घोडं. मला एकदम हायसं वाटलं. एक म्हातारा पुढे आला.

"कोन म्हनायचं तुमी? फारेष्टचं का?"

"न्हाई. दवाखान्याचा हिशोब बघतो," साहेब म्हणाले.

"दवाखान्याचा हिशोब मेंढरात व्हय?"

साहेबांनी विचारलं की इथं कुणी नर्स येऊन बाळांना टोचून गेली का. म्हातारा म्हणाला, न्हाई. बायकांना विचारलं. कुठली नर्स? आमाला ठावं न्हाई. दोन लेकुरवाळ्या पोरी बाळांना पदराखाली घेऊन पालात शिरल्या. मी तिघींना विचारलं, तिघींचं उत्तर एकच. मी माझ्या आखलेल्या तक्त्यात शून्य लिहिलं. मला वाईट वाटलं. त्या सेविकेवर माझा विश्वास बसला होता.

साहेब मात्र जागचे हलले नाहीत. एका दगडावर बसले, शेंगांची पुडी सोडली, म्हाताऱ्यापुढे धरली.

"मी आलो ते बाईला धरायला, असं तुमास्नी वाटतंय," ते म्हणाले. कार्यालयात शुद्ध बोलणारे साहेब असं बोलू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. "तिनंच सांगितलं असंल, कुनाला बोलू नगा. आता ऐका. तुमी न्हाई म्हनालात तर लस चोरली म्हनून तिची नोकरी जानार. व्हय म्हनालात तर मी खरं काय ते लिवनार. ते वाचून वरची मानसं काय करतील, ते मला बी ठावं न्हाई. खोटं कशाला सांगू?"

म्हातारा शेंगा खात राहिला. बोलली ती चुलीपाशी बसलेली म्हातारी.

"लिवल्यावर बाई ऱ्हाईल का?"

"सांगता येत न्हाई."

"आन न्हाई लिवल्यावर?"

"जाईल. ते नक्की."

म्हातारीनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि पालाकडे बघून ओरडली, "ए पोरींनो, या भाईर. काडा लेकरांची अंगडी."

दोन बाळं, दोन डावे दंड, दोन व्रण. एक बाळ साहेबांच्या मांडीवर मुतलं. साहेबांनी त्याचा दंड चष्म्याखाली धरून नीट पाहिला, मगच त्याला परत दिलं. मी शून्य खोडलं. माझ्या तक्त्यात खाडाखोड झाली ती तेवढीच, आणि साहेबांनी तिच्यावर मला सही करायला लावली.

पुढचे नऊ दिवस आम्ही हेच केलं. त्यातले चार साहेबांनी स्वतःच्या रजेतून काढले आणि डिझेल स्वतःच्या खिशातून घातलं. बातमी आमच्यापुढे धावत होती; तळावर पोचायच्या आत बाया लेकरांना उघडं करून रांगेत बसलेल्या असायच्या. एका बाईनं तर नवऱ्यालाही बसवलं. "ह्यांचा बी बगा, बारकेपनी टोचलं हुतं म्हनत्यात." साहेबांनी तोही पाहिला. अडतीसपैकी एकतीस बाळं सापडली. चार तळ सीमा ओलांडून कर्नाटकात गेले होते आणि त्यांच्याबरोबर चार बाळं. उरलेल्या तिघांचा पत्ता लागला नाही. सापडलेल्या एका बाळाच्या दंडावर व्रण दिसत नव्हता. त्याच्यासाठी साहेबांनी वेगळा रकाना करवला: आई सांगते टोचले, खूण नाही.

सेविका म्हणाली, "साहेब, ती बाकीची बी खरी हायत."

"असतील. मी पाहिली नाहीत," साहेब म्हणाले. परत आपले शुद्ध.

आता तुम्हाला वाटेल की गोष्ट संपली. मलाही वाटलं होतं. पण साहेबांचा मसुदा वाचला आणि मी हादरले. त्यात दोन मुद्दे होते. पहिला: आरोग्य सेविकेनं परवानगीशिवाय, हद्दीबाहेर, विहित नोंद न ठेवता लस वापरली. दुसरा: या उपकेंद्रातली बाळं वर्षातला मोठा काळ गावाबाहेर असतात; योजनेनं त्यांची गावातली संख्या धरून लस आणि माणसं दिली, ती बाळं जिथं असतात तिथं पोचण्याची कुणाचीच जबाबदारी ठरवली नाही; जे काम झालं ते एका सेविकेनं रविवारी केलं.

जिल्ह्याच्या बैठकीत वरिष्ठ आरोग्य अधिकाऱ्यांनी स्वतःच सुचवलं, "साहेब, दुसरा मुद्दा उत्तम आहे. पहिला गाळा. तो कागदावर राहिला तर त्या पोरीची ऑर्डर काढताना माझा हात अडखळेल." भला माणूस होता.

साहेब म्हणाले, "पहिला गाळला तर दुसरा कशावर उभा राहील? ती हद्दीबाहेर गेली, हाच तर पुरावा आहे."

जीपमध्ये मी त्यांच्याशी भांडले. साहेबांशी आवाज चढवून बोलण्याची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ. "म्हातारीला काय सांगून आलात? तुमचा नियम राहील आणि बाई घरी बसेल."

ते म्हणाले, "बाई, मी तिला वाचवलं तर फक्त ती वाचेल. पुढच्या वर्षी दुसरी येईल, हद्दीत बसून राहील, रजिस्टर स्वच्छ ठेवील. आपण तिला शाबासकी देऊन येऊ."

माझा राग गेला नाही. सांगलीत विश्रामबागेच्या घरी येऊन मी तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही दोघंही बरोबर आहात, जेवायला वाढ. आठवडाभर मी साहेबांशी कामापुरतं बोलले.

मार्च संपला. सेविकेची नेमणूक संपली. नवी ऑर्डर आली नाही, नकारही आला नाही. एप्रिलभर ती बिनपगारी उपकेंद्रात जात राहिली, कारण किल्ली तिच्याकडेच होती. दर सोमवारी अकरा वाजता ती मला फोन करायची. "मॅडम, काय कळलं का?" मी नाही म्हणायचे. साहेबांना मी हे सांगितलं नाही, पण दर सोमवारी अकराच्या सुमाराला ते माझ्या टेबलापाशी काहीतरी शोधायला यायचे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मे महिन्यात दोन कागद एकाच टपालानं आले. एक तिच्या नेमणुकीचं नूतनीकरण, मागच्या तारखेपासून. दुसरा आदेश मोठा होता: स्थलांतर करणाऱ्या मेंढपाळांच्या तळांवर दिवाळी ते जून लसीकरण सत्रं घ्यायची, हद्दीचं बंधन नाही, दोन्ही जिल्ह्यांनी कुप्या द्यायच्या, नोंदवहीत गावाऐवजी तळाचा रकाना. रकान्याच्या नमुन्यात उदाहरणादाखल कुणीतरी छापलं होतं: पांढऱ्या घोड्याचा तळ.

मी तिला लगेच फोन लावला. पलीकडून मोटरसायकल बंद केल्याचा आवाज आला आणि तिच्या नवऱ्यानं विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "रविवारची सुट्टी मिळाली."

मी दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले. माफी मागायची होती, पण शब्द जुळवेपर्यंत त्यांनी वाचायला सुरुवात केली होती. सावकाश, बोट फिरवत, दोनदा वाचलं. मला वाटलं, आता तरी हसतील. त्यांचं निवृत्तीचं वय झालेलं होतं, कार्यालयात त्यांचे चारच दिवस उरले होते.

"ह्यात प्रवासभत्ता नाही, बाई."

"साहेब?"

"सांगलीपर्यंत जायचं म्हणतात. पेट्रोल कोण घालणार? तिचा नवरा?" त्यांनी पेन्सिल उचलली, आदेशातल्या एका ओळीभोवती गोल केला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "चार दिवस आहेत अजून. काढा नवा आक्षेप."

मी कोरा कागद घेतला, समास आखला आणि क्रमांक एक टाकला.